हृदयाच्या झडपेच्या रुग्णाला भूल देण्याआधी

कोणतं औषध वापरायचं हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते हे, की या हृदयाला नाडी किती हवी आणि बीपी कुठवर उतरलेलं सोसेल. त्यासाठी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) ताजा रिपोर्ट स्वतः वाचावा. 'झडपेचा त्रास आहे' एवढ्या शेऱ्यावर भागत नाही. कोणती झडप, अरुंद की गळकी, किती, आणि डाव्या कप्प्याची ताकद किती, हे कळायला हवं. रुग्णाला दोन जिने चढता येतात का, चक्कर येऊन कधी पडला का, छातीत दुखतं का, हेही विचारावं. रुग्ण वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) घेत असेल तर ते कधी थांबवायचं, त्याऐवजी हेपरिनचं (रक्त पातळ करणारं) इंजेक्शन लागेल का, हे कार्डिओलॉजिस्टशी बोलून आधीच ठरवावं. कृत्रिम धातूची झडप असेल तर हे अजिबात अंदाजाने करू नये.

सर्वांत जास्त धास्ती महाधमनीच्या अरुंद झडपेची. क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे आजार गंभीर. इथे बीपी पडलं की जाड झालेल्या हृदयाचाच रक्तपुरवठा आटतो, मग ते आणखी ढिलं पडतं, बीपी आणखी घसरतं. हृदय थांबलंच तर छाती दाबूनही अरुंद झडपेतून पुरेसं रक्त पुढे जात नाही. म्हणून आर्टेरियल लाइन (बीपी सतत दिसावं म्हणून धमनीत घालायची बारीक नळी) इंडक्शनच्या, म्हणजे भूल सुरू करण्याच्या आधी, जागा बधिर करून घालावी. बीपी चढवणाऱ्या फेनिलेफ्रिनचा 10 मिलिग्रॅमचा अँप्यूल 100 मिलीत पातळ करून, म्हणजे मिलीला 100 मायक्रोग्रॅम, सिरिंज भरून लेबल लावून हाताशी ठेवावी. डिफिब्रिलेटरचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) पॅड आधीच चिकटवावेत. नाडी मिनिटाला 60 ते 80 ठेवावी, ऱ्हिदम सायनस, म्हणजे हृदयाची नैसर्गिक नियमित लय. एकाच दमात दिलेला स्पायनल (पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं) अशा रुग्णाला मी टाळीन.

मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) अरुंद असेल तरी नाडी सावकाशच हवी, कारण कप्पा भरायला वेळ लागतो. बीटा ब्लॉकर (नाडी सावकाश करणारं औषध) चालू असेल तर सकाळचा डोस चुकवू नये. सलाईन बेतानं, नाहीतर फुप्फुसात पाणी साठतं. ऑक्सिजन कमी पडू देऊ नये, कार्बन डायऑक्साइड वाढू देऊ नये.

गळक्या झडपांचं गणित उलटं: नाडी 80 ते 100, बीपी फार चढू द्यायचं नाही.

ऑपरेशननंतरही थंडी, वेदना आणि कुडकुडण्यानं नाडी धावते. म्हणून निगराणीचा बेड आदल्या दिवशीच सांगून ठेवावा, आणि रक्त पातळ करणारं औषध पुन्हा कधी, कुणाच्या सांगण्यावरून सुरू करायचं, ते केसपेपरवर लिहून घ्यावं.