नव्या थारवर सगळे बोलून रायले, पण आपल्या पांदणीसाठी त्यातलं ऐकायचं काय

थार म्हणजे महिंद्राची जीपसारखी उंच गाडी, तिचं नवं मॉडेल आलं की पानठेल्यावर आठ दिवस दुसरा विषयच नसतो. २०२० मध्ये आली तेव्हा हेच झालं, १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दाराची रॉक्स आली तेव्हा तर विचारूच नका, त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं तर पहिल्या एका तासात १ लाख ७६ हजारांच्या वर बुकिंग झालं, आणि मंग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तीन दाराचीच सुधारून काढली. दर वेळी बोलणारे मात्र तेच. एक जुना जीपवाला ज्याच्या मते हे सगळं प्लास्टिकचं खेळणं आहे, एक पोरगा ज्याले फक्त सनरूफ दिसते, एक मेकॅनिक जो म्हणतो सेन्सर गेला की टोचन लावून न्या, आणि एक असा ज्याले गाडी घ्यायचीच नाही पण सगळ्या मॉडेलच्या किमती तोंडपाठ आहेत. यातला कोणीच खोटं बोलत नाही, फक्त जो तो आपल्या रस्त्याचं बोलतो. म्हणून ज्याले खरंच गाडी घ्यायची आहे त्याने ह्या बोलण्याचं काय करायचं ते लिहितो.

सगळ्यात आधी, कोणी काही बोललं की विचारायचं, भाऊ तू गाडी चालवतो कुठं. नागपूरवरून समृद्धीने जाणारा माणूस म्हणेल गाडी हेलकावे घेते, वाऱ्याचा आवाज येतो, वळणावर कलते. त्याचं खरंच आहे, उंच गाडी, खाली लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखा लोखंडी सांगाडा, ती कारसारखी चालणार नाही. पण तुमचं वावर रोडपासून दोन-तीन किलोमीटर आत असेल आणि जुलै ते सप्टेंबर तिथं ट्रॅक्टरशिवाय काहीच जात नसेल तर त्या माणसाची तक्रार तुमच्यासाठी दुय्यम आहे. उलट महिन्यातून चार वेळा पेशंट घेऊन सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठायचं असेल तर तीच तक्रार एक नंबरची. तक्रार तीच, माणूस बदलला की तिचं वजन बदलते.

आता शोरूमला जायच्या आधी घरून करायचं काम, आणि हे कोणीच करत नाही. आपली पांदण, म्हणजे वावरात जायची कच्ची वाट, मोजा. टेप नसला तरी चालते, वीत आहे ना. मोठ्या माणसाची वीत साधारण नऊ इंच, म्हणजे २२८-२२९ मिलिमीटर. तीन दाराच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, २२६, फोर्सच्या गुरखाचा २३३, मारुतीच्या जिम्नीचा २१०. म्हणजे जवळजवळ सगळ्याच ह्या गाड्या वीतभर उंच. बंडी आणि ट्रॅक्टरनं पांदणीत पाडलेली चाकोरी जिथं सगळ्यात खोल आहे तिथं हात घालून पाहा, वीत पूर्ण बुडली की समजायचं मधला उंचवटा मागच्या एक्सलवरच्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्याले घासणार, मग गाडी कितीही लाखाची असू द्या. अशा जागी चाकोरीत चाक घालायचंच नाही, एका बाजूचं चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेच्या गवतावर ठेवून तिरपं काढायचं. पण त्यासाठी पांदण तेवढी रुंद पायजे, आणि आपल्याकडे दोन्ही बाजूचे धुरे, म्हणजे वावराचे बांध, दरवर्षी थोडे थोडे आत सरकतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर बोलायला लागलो तर हा लेख तहसीलमध्ये जाईल.

धुऱ्याचंच निघालं तर रॉक्सबद्दल जी सगळ्यात मोठी भांडणं झाली त्यातलं एक इथं सुटते. जुने थारवाले म्हणाले लांब केली, वाट लावली. घरचे म्हणाले चला बाबा, आता तरी मागं माणसासारखं बसता येईल. लांबी वाढली म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढलं, तीन दाराचं २४५० मिलिमीटर, रॉक्सचं २८५०. धुरा ओलांडताना पुढची चाकं पलीकडं उतरली आणि मागची अजून अलीकडंच आहेत त्या क्षणी गाडीचं पोट धुऱ्यावर येते, अंतर जितकं जास्त तितकं पोट लवकर टेकते. पुढून चढायचा कोन मात्र दोघींचाही ४१ अंशाच्या वर आहे, म्हणजे चढायला दोघीही चढतात, अडकायचं ते मध्ये. तुमच्या वाटेवर नाल्याचा काठ, कॅनॉलची चारी, उंच धुरा असं रोजचं असेल तर तीन दाराची. हे वर्षातून दोनदाच लागत असेल तर दोन घमेले मुरूम टाकून उतार करून घ्या आणि रॉक्सचा विचार करा, चारशे मिलिमीटरसाठी म्हातारीले मागच्या सीटवर उड्या मारायला लावू नका.

मग येते ते ठरलेलं वाक्य, फोर बाय फोर नाही ती थारच नाही. ऐकायला भारी वाटते. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, टू व्हील ड्राइव्हमध्ये फक्त दोन चाकांना. २०२३ च्या जानेवारीत टू व्हील ड्राइव्ह थार आली तेव्हा ह्यावरून जे रण पेटलं ते अजून विझलं नाही. पण किंमत काऊन कमी ते समजून घ्या. ती डिझेलमध्ये दीड लिटरच्या इंजिनाची आहे आणि लांबी चार मीटरच्या आत, त्यामुळे ती छोट्या गाडीच्या टॅक्समध्ये बसते. २०२५ च्या सप्टेंबरपासून असल्या गाडीला जीएसटी १८ टक्के आणि २.२ लिटर डिझेलच्या फोर बाय फोरला ४० टक्के. म्हणजे वरचे जे पैसे जातात ते सगळे काही लोखंडात जात नाहीत, सरकारात पण जातात. रॉक्सचं तर अजूनच, आली तेव्हा १२.९९ लाखापासून सुरू अशी जाहिरात झाली आणि फोर बाय फोर पायजे म्हटलं की १८.७९ लाखापासून, तीही फक्त डिझेलमध्ये. पेट्रोलमध्ये फोर बाय फोर दिलंच नाही म्हणून लोक चिडले, ती चीड मला पटते, पण आपल्याकडे शेतावर फिरवायला पेट्रोल घेणारे तसेही कमीच.

तर फोर बाय फोर लागते की नाही हे ठरवायची माझी पद्धत सोपी आहे, मातीवरून ठरवा. भंडारा-गोंदियाकडं खरडी-बर्डी जमीन असेल, वाटेवर मुरूम असेल, तर चांगले ऑल टेरेन (कच्च्या वाटेवरही चालणारे) टायर आणि सावकाश चालवणारा माणूस असला की टू व्हील ड्राइव्ह बरंच काम काढते. यवतमाळ, वर्धा, अकोल्याच्या भारी काळ्या मातीत गोष्ट वेगळी. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरते आणि चार-पाच चक्करमध्ये टायर गुळगुळीत होऊन जाते. मग चार चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय, चारही गुळगुळीतच. इथं फोर बाय फोरचा फायदा एवढाच की गाडी थांबू न देता एका लयीत पुढं नेता येते, एकदा मधात थांबला की संपलं. पाऊस पडून गेल्यावर तासाभरात जाऊच नका, दोन-तीन तास ऊन पडू द्या, वरचा थर धरला की हीच पांदण निम्मी सोपी होते. टायरची हवा आठ-दहा पीएसआय कमी केली तरी फरक पडते, पण रोडवर यायच्या आधी परत भरायची, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीतच ठेवायचा.

फोर बाय फोर घेतलीच तर ती वापरायची कशी हे शोरूमवाला दोन मिनिटांत उरकतो. तीन दाराच्या थारमध्ये गिअरच्या बाजूले वेगळा दांडा असतो. टू एच म्हणजे रोजचं, फोर एच म्हणजे चिखल, ओलं गवत, सैल मुरूम, आणि फोर एल म्हणजे एकदम हळू, एकदम ताकद, नाल्याचा काठ चढायचा किंवा कोणाले ओढून काढायचं तेव्हा. फोर एलमध्ये टाकताना गाडी थांबवून न्यूट्रल करायची. आणि कोरड्या डांबरी रोडवर फोर बाय फोर लावून फिरायचं नाही, वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असते, रोडवर चाक घसरत नाही म्हणून सगळा ताण आतल्या गिअरवर येते. पोरं वरातीत सगळे दांडे खेचून पाहतात, त्यांच्या हाती चावीच देऊ नका.

पाण्याबद्दल जरा थांबून बोलतो. थार आणि रॉक्स दोन्हीले ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणून लिहिलेलं असते, गुरखाले ७००. हे ऐकून पानठेल्यावर लगेच कोणीतरी म्हणते, मंग रपट्यावरून काढू ना बिनधास्त. नाही काढायची. ते ६५० उभ्या पाण्याचं आहे, हळू चालवून, खाली तळ पक्का असताना. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, त्यावरचं पाणी वाहतं असते, आणि वाहतं पाणी गुडघ्याइतकं असलं तरी आडवं ढकलते, वरून पाण्याखाली रपटा मधातून वाहून गेला आहे की नाही हे दिसतच नाही. दर पावसाळ्यात विदर्भात कुठंतरी गाडी वाहून गेल्याची बातमी येतेच, त्यात चालवणारे सगळे नवखे नसतात. उभ्या पाण्यात जायचं असेल तर आधी काठी घेऊन चालत जा, मांडीले पाणी लागलं की परत फिरा.

घरच्यांच्या प्रतिक्रियेले लोक हसतात पण गाडी बदलायला लावली ती त्याच बोलण्यानं. तीन दाराच्या थारमध्ये काच खाली करायचं बटन मधात, मागं एसीची हवा नाही, डिझेल भरायचं झाकण चावीनं उघडा, कॅमेरा नाही, हे वर्षानुवर्षं लोक बोलत राहिले आणि २०२५ च्या बदलात बटनं दारावर आली, मागं एसी आला, झाकण आतून उघडायला लागलं, रिव्हर्स कॅमेरा आला. रॉक्समध्ये आधी पांढऱ्या सीट दिल्या, काळ्या मातीत राहणाऱ्या माणसाने त्यावर काय बोलावं, मग फोर बाय फोरमध्ये तपकिरी रंग पण द्यायला लागले. तर टेस्ट ड्राइव्हले एकटे जाऊ नका. आईले घेऊन जा, लुगड्यात चढता येते का ते पाहा, तीन दाराची असेल तर पुढची सीट वाकवून मागं जाता येते का पाहा. हे शोरूममध्ये पाच मिनिटांत कळते, घरी आणल्यावर पाच वर्षं ऐकावं लागते. आणि सामानाचं पण तिथंच, युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या दोन बॅगा आणि फवारणीचा पंप मागची सीट न पाडता बसते का एवढं डोळ्यानं मोजा. पंप बसला नाही तर सनरूफमधून बाहेर काढून नेणार आहे का?

जुन्या जीपवाल्याचं बोलणं मी टाकून देत नाही. महिंद्राने १९४७ पासून विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, नंतर एमएम ५४०, कमांडर, मेजर, अर्धं विदर्भ काळी-पिवळीत लटकून कॉलेज शिकलं. ते म्हणतात तेव्हा पाना आणि तार असली की गाडी घरी यायची, हे खरंच आहे. पण त्या गाडीत ठोस बसली तर समोर स्टीअरिंगचा दांडा आणि तुमची छाती. गाडी ठोकून पाहायच्या चाचणीत २०२० च्या थारले ग्लोबल एनकॅपचे चार स्टार मिळाले आणि रॉक्सले २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच, मोठ्या माणसांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३१.०९ गुण. रात्री पांढरकवड्याकडून येताना रोही (नीलगाय) आडवा आला तर हे स्टार लागतात. रॉक्सच्या वरच्या मॉडेलमध्ये आपोआप ब्रेक लावणारी सिस्टीम पण आहे, पण ती रोही नाहीतर बैल ओळखेलच ह्या भरोशावर पाय ढिला सोडू नका.

मेकॅनिकचं मात्र लक्ष देऊन ऐका. बीएस सिक्स, म्हणजे नव्या प्रदूषण नियमाच्या, डिझेलमध्ये धुराड्यात डीपीएफ असते, काजळी धरणारी जाळी, आणि ती जळून साफ व्हायला गाडी थोडा वेळ सलग गरम चालावी लागते. घर ते वावर, वावर ते घर, दोन-दोन किलोमीटर, असंच चालवत राहिलं तर ती भरते आणि डॅशबोर्डवर दिवा येते. उपाय साधा आहे, आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा, बाजाराच्या दिवशी तालुक्याला तसंही जाणं असतेच. सर्व्हिस सेंटर किती दूर आहे आणि पार्ट किती दिवसांत येते हे शोरूमवाल्याले विचारू नका, त्याच तालुक्यातल्या थारवाल्याले विचारा.

गुरखा आणि जिम्नीबद्दल थोडक्यात. गुरखाले पुढं-मागं दोन्हीकडं डिफरन्शियल लॉक (एक चाक नुसतं फिरलं तरी दुसऱ्याले ताकद देणारं), स्नॉर्केल (इंजिनाले उंचावरून हवा देणारी नळी) कंपनीचं, २.६ लिटर डिझेल, चिखलासाठी हिच्यापेक्षा तयार गाडी ह्या किमतीत नाही पण आतून साधी आणि सर्व्हिस आपल्याकडं विरळ. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, त्यामुळे काळ्या मातीत रुतते कमी, आणि फोर बाय फोर सगळ्याच मॉडेलमध्ये, पण फक्त पेट्रोल आणि चारच जण.

राहिलं ते मॉडिफिकेशन. डिलिव्हरीच्या दिवशीच काही जण समोर लोखंडी गार्ड ठोकायला नेतात. ते करू नका, असल्या गार्डवर, म्हणजे बुलबारवर, २०१७ पासून बंदी आहे, दंड तर होतेच पण ठोस बसली की मार सरळ फ्रेमवर जातो आणि एअरबॅगच्या उघडण्यात घोळ होऊ शकते. त्या पैशात टोचनचा चांगला पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), एक फावडं आणि जॅकखाली ठेवायला लाकडाची जाड फळी घ्या, काळ्या मातीत नुसता जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जाते.