शिफ्टर घेण्याआधी मागचं चाक काढून बघा
कसारा घाट चढून नाशिककडे परतताना सायकलचे गिअर अपुरे पडले की शिफ्टर, म्हणजे हँडलवरचे गिअर बदलायचे खटके, बदलावेसे वाटतात. आधी मागचं चाक बघा. स्वस्त रोड बाइकला बहुधा ७ गिअरचं, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसणारं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, असतो. ८ गिअरचे शिमानो क्लॅरिस शिफ्टर लावायचे तर कॅसेट लागते; हा चकत्यांचा संच आट्यांनी न बसता वेगळ्या प्रकारच्या हबवर सरकवून बसवतात, म्हणून बहुतेकदा मागचं चाकच बदलावं लागतं आणि खरा खर्च तिथेच होतो.

फक्त चढ सोपा करायचा असेल, तर सर्वांत मोठी चकती २८ ऐवजी ३४ दात्यांची असलेलं ७ गिअरचं फ्रीव्हील, ते पेलणारा शिमानोचा लांब पिंजऱ्याचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि पुरेशी लांब चेन घ्या. शिफ्टर शिमानोचे ७ गिअरचे असतील तर तेच चालतात. केबल आणि आउटर (केबलवरचं आवरण) मात्र नवे घालाच. पावसाळ्यात भिजून गंजलेल्या केबलमुळे नवा डिरेल्युअरही अडखळतो.