पोर्टलवर मार्क दिसत नाहीत? शिक्षकांना लिहिण्याआधी एवढं करा

मी शाळेत भाषा शिकवते आणि माझी लेकही शाळेत जाते. त्यामुळे दिवसभर पालक मला विचारतात, "मार्क कधी टाकताय?" आणि संध्याकाळी तिच्या विज्ञानाच्या सरांना हेच विचारायला माझा हात शिवशिवत असतो. उशीर होतो हे खरं आणि पालक वैतागतात तेही काही उगाच नाही. पण "मार्क कधी?" या प्रश्नाला "लवकरच" याखेरीज उत्तर मिळत नाही. प्रश्न बदलला की उत्तरही कामाचं मिळतं.

पोर्टल म्हणजे शाळेची ती वेबसाइट किंवा ॲप, जिथे मुलं काम जमा करतात आणि शिक्षक मार्क टाकतात. सुरुवात तिथल्या मार्कांच्या रिकाम्या रकान्यापासून करू. तो रिकामा असण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा.

पहिली शक्यता म्हणजे काम पोर्टलपर्यंत पोचलेलंच नाही. गूगल क्लासरूम या पोर्टलवर फाइल जोडली पण 'टर्न इन' (जमा करा) हे बटण दाबलंच नाही, हा प्रकार मी दर आठवड्याला बघते. मुलगा शपथेवर सांगतो की दिलंय, फाइलही तिथे दिसते, पण काम जमा झालेलं नसतं. याच्या उलटही होतं. काम वर्गात कागदावर दिलेलं असतं, शिक्षकांच्या कपाटात गठ्ठ्यात असतं, पण पोर्टलला त्याचा पत्ता नसतो. मुदत उलटली की ते बिनदिक्कत 'मिसिंग', म्हणजे काम आलेलंच नाही, असा शिक्का मारतं. 'मिसिंग' दिसलं की मुलाला फैलावर घेण्याआधी एवढंच विचारा: कशावर दिलंस, कागदावर की फाइल चढवलीस?

दुसरी शक्यता पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मार्क देऊन झालेले असतात, पण झाकलेले असतात. गूगल क्लासरूममध्ये शिक्षकाने घातलेला आकडा 'रिटर्न' करेपर्यंत, म्हणजे मुलाला परत पाठवेपर्यंत, मसुदाच असतो आणि तो मुलाला दिसत नाही. कॅनव्हास या दुसऱ्या पोर्टलवर शिक्षक ठरवून मार्क लपवून ठेवू शकतात आणि सगळ्यांचे एकदम खुले करू शकतात. मूडल या आणखी एका पोर्टलवर तपासणीचे टप्पे लावलेले असले, तर शेवटचा 'रिलीज्ड' (मार्क खुले) हा टप्पा येईपर्यंत मुलांना काही कळत नाही. आम्ही असं का करतो? दोन मुलं चाचणीला गैरहजर असतात, त्यांची चाचणी अजून व्हायची असते आणि तोवर बाकीच्यांचे पेपर बाहेर गेले तर प्रश्नही जातात. किंवा दुसऱ्या तुकडीच्या बाईंबरोबर बसून कडक-सैल एका पातळीवर आणायचं असतं. अशा वेळी "अजून तपासलं नाही का?" हे ज्याने रात्र जागून तपासलंय त्याला फार लागतं.

तिसरी शक्यता सरळ आहे: खरंच तपासून व्हायचंय.

यातलं नेमकं काय झालंय ते बघायचं, तर मुलाच्या लॉगिनमधून, त्याच्या शेजारी बसून बघा. गूगल क्लासरूमची पालकांना येणारी ईमेल म्हणजे राहिलेलं काम, पुढे येणारं काम आणि वर्गातल्या घडामोडी यांचा सारांश असतो. त्यावरून मार्कांचा अंदाज बांधत बसू नका.

आता एकूण टक्केवारीबद्दल, कारण घराघरात रडारड होते ती या आकड्यावरून. समजा एका विषयात गृहपाठाला २० टक्के वजन आहे, चाचण्यांना ५० आणि प्रकल्पाला ३०. शिक्षकांनी आत्तापर्यंत फक्त एक गृहपाठ चढवलाय, १० पैकी ६. बऱ्याच पोर्टलवर जे चढलंय तेवढ्यावरच हिशेब होतो, म्हणून एकूण दिसतं ६० टक्के. पुढच्या आठवड्यात चाचणीचे ८४ चढले की तीच टक्केवारी ७७ होते. प्रकल्पाला ९० मिळाले की ८१. मूल पहिल्या दिवसापासून तेच आहे, अभ्यासही तोच. फक्त रकाने भरत गेले. शून्याचं तर विचारूच नका. चार कामांत ८०-८० आणि पाचव्याच्या जागी आठवण म्हणून टाकलेलं एक शून्य, की सरासरी थेट ६४ वर. काही शिक्षक हे शून्य मुद्दाम टाकतात, कारण त्याशिवाय काही मुलं काम आणून देत नाहीत. मला ही पद्धत आवडत नाही, पण ती आहे. कॅनव्हासमध्ये मुलाच्या गुणांच्या पानावर, फक्त तपासलेल्या कामांवर हिशेब करण्याचा एक चौकोन असतो. त्यातली खूण निघालेली असेल तर न तपासलेलं सगळं शून्य धरलं जातं. आकडा अचानक गडगडला तर आधी तो चौकोन बघा.

किती उशिराला उशीर म्हणायचं? पर्यायांवर खूण करायची चाचणी यंत्र तपासतं, तिचे मार्क एक-दोन दिवसांत यायला हवेत. गणिताच्या चाचणीला आठवडा धरा. निबंधाला आणि प्रकल्पाला मी दोन आठवडे देते. साधा हिशेब मांडा: पाच तुकड्या, प्रत्येकीत ३० मुलं, एका निबंधाला दहा मिनिटं. हे झाले २५ तास आणि ते सगळे शिकवण्याचे तास संपल्यानंतरचे. आणि दहा मिनिटं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. सातवा निबंध वाचून झाला की तिसऱ्याला दिलेले साडेसहा कमी वाटायला लागतात. मग गठ्ठा उलटा करून तो शोधायचा, दोन्ही शेजारी ठेवायचे, साडेसहाचे सात करायचे, की सातव्याचे कमी करायचे? हे करताना मध्येच फोनवर "मार्क कधी?" झळकलं की पेन खाली ठेवावंसं वाटतं.

तरीही शिक्षकांची बाजू मी इथपर्यंतच घेणार. महिन्याने परत आलेला निबंध मुलं उघडूनही बघत नाहीत. आकडा बघतात आणि कागद दप्तरात कोंबतात. पुढची चाचणी व्हायच्या आत मागची हातात आली नाही, तर त्याच चुका पुन्हा होतात आणि त्या मुलाच्या नावावर लागतात. पालकांची तक्रार इथे रास्त आहे आणि ती करायलाच हवी.

मूल थोडं मोठं असेल तर आधी त्यालाच विचारू द्या. "विचार ना बाईंना" एवढ्याने भागत नाही, त्याला वाक्य द्या: "बाई, माझा आराखडा पोर्टलवर मिसिंग दाखवतोय, मी वर्गात कागदावर दिला होता. तुमच्याकडे आहे का?" तास संपल्यावर अर्ध्या मिनिटात काम होतं. पालकांची ईमेल तीन दिवस पडून राहिली असती.

मुलाला जमलं नाही तर तुम्ही लिहा. साधारण असं:

"नमस्कार बाई,
मी अमुक वर्गातल्या, अमुक तुकडीतल्या अमुकची आई. १२ तारखेला दिलेला प्रकल्पाचा आराखडा पोर्टलवर 'मिसिंग' दिसतोय. तिने तो कागदावर दिला होता. तुमच्याकडे पोचलाय का, तेवढं कळवाल का? पूर्ण प्रकल्प २६ तारखेला द्यायचा आहे. त्याआधी आराखड्यावर तुमचा एखादा शेरा मिळाला तर तिला दुरुस्ती करता येईल. मार्क नंतर टाकलेत तरी चालेल."

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. शेरा मागायचा आणि आकड्याची सूट द्यायची. एका मुलीच्या आराखड्यावर दोन ओळी लिहून देणं कोणालाही जमतं. सगळ्या तुकडीचे मार्क आजच्या आज चढवणं जमत नाही. शिवाय तारखा दिल्यामुळे घाई कशाची आहे ते समोरच्याला कळतं. सोबत स्क्रीनशॉट जोडा, पण एकच. विषयाच्या ओळीत मुलाचं नाव, तुकडी आणि कामाचं नाव लिहा, कारण तुमची लेक माझ्यासाठी १५० जणांपैकी एक असते आणि त्या नावाच्या तिघी असतात.

काय लिहू नये तेही सांगते. "सगळ्याच पालकांची तक्रार आहे" हे वाक्य गाळा. दुसऱ्या विषयाचे सर किती वेळेवर टाकतात, तेही नको. पहिल्याच ईमेलमध्ये मुख्याध्यापकांना जोडू नका. जोडलंत तर उत्तर लगेच येईल, पण ते तुम्हाला दिलेलं नसेल, मुख्याध्यापकांना दाखवण्यासाठी लिहिलेलं असेल. आणि पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप! एकजण विचारते, "तुमच्याकडे दिसतायत का?" मग "नाही", "आमच्याकडेपण नाही", "कहर आहे" असे पन्नास निरोप पडतात आणि त्या पन्नासात बाईंना विचारलेलं कोणीच नसतं.

तीन कामाचे दिवस गेले आणि उत्तर नाही, तर त्याच ईमेलच्या खाली एका ओळीची आठवण करा. तरीही काही नाही, तर भेटीची वेळ मागा. त्यानंतर वर्गशिक्षक किंवा विषयप्रमुख आणि मग मुख्याध्यापक. वर जाताना स्वभावाबद्दल बोलू नका, नुकसान सांगा: दुरुस्त करून पुन्हा देण्याची मुदत निघून गेली, पुढच्या वर्षीचा विषय या मार्कांवर ठरणार आहे, फेरचाचणीला बसायचं की नाही ते कळत नाही. नुकसान काहीच नसेल, नुसती हुरहुर असेल, तर थांबा. मार्क किती दिवसांत चढवायचे याचा लेखी नियम शाळेत आहे का, ते मात्र विचारा. शक्यतो वर्षाच्या सुरुवातीला, कोणावर राग नसताना. नियम नसेल तर पालकसभेत तो सगळ्या विषयांसाठी मागा, एका शिक्षकाचं नाव न घेता.

दरम्यान मुलाला एक साधी नोंद ठेवायला लावा: काम कोणतं, कधी दिलं, कशावर दिलं, परत काय आलं. वहीचं शेवटचं पान पुरतं. ती नोंद असली की पोर्टल आठवड्यातून एकदा बघितलं तरी चालतं. ॲपच्या सूचना बंद करा. मुलाच्या आधी तुम्हाला त्याचे मार्क कळावेत आणि तो घरी यायच्या आत तुमचं तोंड उतरलेलं असावं, यात कोणाचंच भलं नाही.

मार्क आले की लगेच पडताळा, कारण उशिरा चढवलेले मार्क बहुतेक वेळा घाईत चढवलेले असतात. १८ च्या जागी ८ पडतात, वरच्या मुलाचे मार्क खालच्या ओळीत जातात, २० पैकी असलेली चाचणी २५ पैकी म्हणून नोंदली जाते आणि सगळ्या वर्गाची टक्केवारी घसरते. तपासून आलेला कागद आणि पोर्टलवरचा आकडा शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर कागदाचा फोटो काढून त्याच दिवशी पाठवा. तपासलेले कागद अंतिम निकाल हातात येईपर्यंत रद्दीत घालू नका.