रोजचा एक फोटो आणि त्याखाली एक ओळ

चातुर्मास लागला की गोव्यातल्या मराठी घरांत कोणी ना कोणी नेम धरतंच. कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी रोज संध्याकाळी देवळात दिवा लावून येतं. त्याच पंगतीत बसणारा हा नेम: दिवसाला एक फोटो, आणि ज्याच्या हातून ती गोष्ट आपल्यापर्यंत आली त्याच्या नावाची एक ओळ. मोबाइल आणि एक दोनशे पानी वही, एवढंच साहित्य पुरतं.

पहिल्याच वर्षी चार महिन्यांचा नेम घेऊ नका, श्रावणाचा घ्या. प्रतिपदेला सुरुवात केली तर गणेश चतुर्थीपर्यंत तेहतीस-चौतीस दिवस होतात, आणि शेवटी माटोळी असते, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, फळाफुलांनी भरलेली लाकडी चौकट. फोटोसाठी याहून भरलेला दिवस गोव्यात दुसरा नाही.

वेळ ठरवून घ्या. श्रावणात सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. सकाळी साडेसहा ते आठ किंवा संध्याकाळी सहा ते सात या वेळी उजेड एका बाजूने येतो, त्यामुळे वस्तूला गोलाई दिसते. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात अंगणातलं तुळशीवृंदावनही सपाट दिसतं. पावसाळी ढगांतून येणारा मऊ उजेड मात्र दिवसभर चालतो, विशेषतः ओल्या पानांना आणि माणसांच्या चेहऱ्यांना.

दिवसाला तीनच क्लिक. त्यांतला एक ठेवायचा, दोन तिथल्या तिथे पुसायचे. चाळीस फोटो काढले की मन निवडण्यात अडकतं आणि समोरची वस्तू बाजूला राहते. तीनच मिळणार म्हटल्यावर माणूस आधी नीट बघतो. आणि ओळ लिहून होईपर्यंत फोटो स्टेटसला टाकू नये. एकदा टाकला की लक्ष वहीवरून उठून किती जणांनी पाहिला याकडे लागतं.

ओळ कशी लिहायची, इथेच बहुतेकांचा नेम मोडतो. ‘सुंदर सकाळ, देवाचे आभार’ असं लिहिलं की पाचव्या दिवसापासून सगळ्या ओळी सारख्या होतात आणि आठव्या दिवशी वही बंद पडते. म्हणून ओळीत तीन गोष्टी हव्यातच: काय आलं, कोणाच्या हातून आलं, आणि त्या हाताला त्यासाठी काय करावं लागलं. ‘पोदेर सव्वासहाला आला, पाऊस कोसळत होता, निळ्या प्लास्टिकखाली उंडे कोरडे होते, तो मात्र चिंब.’ (पोदेर म्हणजे दारावर येणारा पाववाला, उंडे म्हणजे त्याचे पाव.) ही ओळ चालते. कारण ती लिहिण्यासाठी पोदेराकडे बघावं लागलं. आपल्याकडे देवऋण, पितृऋण, ऋषिऋण अशी ऋणं मोजायची रीत जुनी आहे. ही वही म्हणजे त्याच हिशेबाची रोजकीर्द समजा.

घरात आजारपण असेल, कोणी गेलं असेल, तर आभार ओढून आणू नका. रिकाम्या खुर्चीचा फोटो काढा, खाली फक्त तारीख आणि वार लिहा. नेम त्यानेही पाळला जातो.

आता समईविषयी सविस्तर, कारण प्रत्येक घरातला हा पहिला विषय आणि हमखास बिघडणारा. अंधारातली ज्योत काढली की फोनला वाटतं सगळं काळोखंच आहे. तो उजेड वाढवतो आणि ज्योतीच्या जागी पांढरं भोक उरतं. उपाय असा. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर तिचा निळसर उजेड पितळेवर चढतो. लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. बोटाचं तेल लागलेलं असेल तर ज्योतीतून लांब रेघा निघतात. जमिनीवर मांडी घालून बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा, फोन समईपासून तीस-चाळीस सेंटीमीटरवर धरा. याहून फार जवळ गेलात तर बरेच फोन आपोआप रुंद लेन्सवर जातात आणि चित्र भुरकट येतं. ज्योतीवर बोट दाबू नका. तिच्याखालच्या तेलाच्या वाटीच्या काठावर दाबून धरा, फोकस कुलूपबंद झाला की उजेडाची पट्टी उणे एक ते उणे दीडपर्यंत खाली ओढा. ज्योतीच्या मुळाशी निळसर आणि वर नारिंगी असा आकार दिसू लागला की थांबा. फ्लॅश बंद, नाइट मोडही बंद: तो दोन-तीन सेकंद फोटो गोळा करतो, तेवढ्यात ज्योत हलते आणि दोन ज्योतींचा धूसर ठसा उमटतो. प्रो मोड असेल तर रंगाचं तापमान (व्हाइट बॅलन्स) चार हजार केल्विनच्या आसपास ठेवा. दिव्याच्या ज्योतीच्या रंगाचं तापमान एकोणीसशे केल्विनच्या घरात असतं, त्यामुळे चार हजारावर पिवळेपणा टिकतो. फोनवर सोडलंत तर तो पिवळेपणा काढून टाकायला बघतो. श्वास सोडताना आवाजाच्या बटणाने क्लिक करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच समई पुन्हा बघा. वाटीत तेल उतरल्याची कडा दिसते, वातीचं टोक काळं पडून आत वळलेलं असतं, मानेवर काजळीचा बोटभर पट्टा असतो, आणि कधीकधी तेलात बुडालेला एखादा पंखवाला किडा. खिडकीच्या उजेडात हा फोटो काढा. घरातल्या ज्या बाईचे हात ही समई दर आठवड्याला चिंचेने घासतात, तिचं नाव या ओळीत यायला हवं. पेटलेल्या समईचा फोटो सगळेच काढतात. विझलेलीचा काढला की कष्ट दिसतात, आणि हा नेम त्यासाठीच आहे.

देवळात गेलात तर आधी विचारा. अनेक देवळांत गाभाऱ्याचे फोटो काढू देत नाहीत, ते पाळावं. हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा न विचारता टिपू नये. विषय बाहेरही भरपूर असतात. मंगेशीची पांढरी दीपमाळ काढताना फोनचं मोजमाप फसतं. पांढऱ्याला तो मध्यम राखाडी समजतो, म्हणून उजेड अर्धा ते एक पायरी वाढवावा. तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ नेमकं उलट. काळ्या दगडाला फोन उजळ करतो, दगड धुरकट दिसतो. तिथे एक पायरी खाली. जांभ्या चिऱ्याची भिंत या दोहोंच्या मधली. ती पावसात भिजली की तिचा तांबडा गडद होतो, तो फोनच्या ‘व्हिव्हिड’ रंगात भडक होऊन बसतो, तेव्हा तो पर्याय काढून टाका. तांबडी सुर्ल्याचं देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते.

माणसांचे फोटो काढायला संकोच वाटतो, आणि वाटावाच. मासळी बाजारात ऐन गिऱ्हाइकांच्या गर्दीत मोबाइल उगारू नका. आधी मासळी घ्या, मग ‘मावशी, हातांचा एक फोटो काढू का?’ म्हणून विचारा. चेहऱ्याला नाही म्हणणारी माणसं हातांना बहुधा होकार देतात. हो म्हणाल्या तर आठवड्याच्या आत चार बाय सहा इंचांची प्रिंट नेऊन द्या.

पावसाळ्याचं वेगळं बघावं लागतं. एसीच्या खोलीतून थेट बाहेर गेलात की लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, पुन्हा धरते. फोन पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच बाहेरच्या हवेत राहू द्या. जुना कॅमेरा असेल तर बुरशीची खरी भीती. साठ टक्क्यांच्या वर दमट हवेत ती लेन्सच्या आत वाढते, आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा कितीतरी अधिक दमट असते. पाच लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल घाला. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरले. स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र ते कधीही तापवू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. तांदळात फोन ठेवण्याचा सल्ला ऐकू नका, पिठाची धूळ चार्जिंगच्या भोकात बसते.

माटोळीचा दिवस आला की पूर्ण माटोळीचा फोटो शेवटी काढा. आधी बांधण्यापूर्वी जमिनीवर पसरलेलं सामान: सुपारीचे घोस, नारळाची पेंड (घड), तोरिंग, आंबाडे, निरफणस, लालबुंद कवंडळ. एकेक वस्तू आणणाऱ्याच्याच हातात देऊन टिपा आणि कोणत्या कुळागरातून (सुपारीच्या बागेतून), कोणत्या रानातून आली ते विचारून लिहा. आजोबांना नावं येतात, नातवंडांना येत नाहीत. त्या घराची माटोळी लिहून ठेवायची हीच वेळ. रानातलं फळ ओरबाडून आणलं की झाडावर कोणता घोस शिल्लक ठेवला, हेही विचारा. सजावटीच्या एलईडी माळा चालू असतील तर फोटोत काळ्या आडव्या पट्ट्या येतात. घरातली वीज पन्नास हर्ट्झची असते, दिवे तिच्या तालावर लुकलुकतात. प्रो मोडमध्ये शटर सेकंदाच्या एक शंभरांशाला (१/१००) ठेवा. तरी पट्ट्या राहिल्या तर माळा बंद करून खिडकी उघडा.

चतुर्थी आटोपली की तेहतीस-चौतीस फोटोंतले नऊच छापा. मोबाइलचा फोटो चार-तीनच्या प्रमाणात असतो आणि चार बाय सहाची प्रिंट तीन-दोनच्या, त्यामुळे आडव्या फोटोच्या उंचीतला नववा हिस्सा कापला जातो. समईचं टोक जातं ते यामुळेच. आधीच वर-खाली जागा सोडा. चांगल्या छपाईला बाराशे बाय अठराशे पिक्सेल पुरतात, पण व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कागद मॅट घ्या. चकचकीत प्रिंट आपल्या दमट हवेत अल्बमच्या प्लास्टिकला चिकटते आणि सोडवताना रंग उचलून आणते.

आता वही उघडून कोणाचं नाव सर्वांत जास्त वेळा आलं ते मोजा. त्या माणसाच्या कामातली एक वस्तू कावीच्या रीतीने कोरायला घ्या. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ही कला दिसते: चुन्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. फोटोतले सगळे रंग सोडून दोनच ठेवावे लागतात, म्हणून, समजा पोदेराची टोपली निवडली, तर ती काढताना तिची वीण खरोखर कशी जाते ते कळतं.

घरी भिंत कोरता येत नाही, पण कागदावर सराव होतो. तीनशे जीएसएमचा जाड कागद, त्यावर पांढऱ्या अॅक्रिलिकचे दोन हात, मध्ये दोन तास सुकू द्या. साधा पोस्टर कलर वापरू नका. वरचा गेरू ओला लागला की तो विरघळतो आणि सगळं गुलाबी होतं. दोन चमचे चाळलेला गेरू, अडीच चमचे पाणी, पाव चमचा भिजवून गाळलेला डिंक एकत्र करून रुंद ब्रशने एकच हात द्या. डिंक कमी पडला तर गेरू बोटाला लागतो, जास्त झाला तर थर चकाकतो आणि कोरताना पापुद्र्यांनी उडतो. बोट टेकवलं की थंड लागतं पण रंग बोटावर येत नाही, तेव्हा कंपासच्या टोकाने कोरायला लागा. त्याआधी कोरलंत तर रेघेच्या कडा फाटतात, फार उशिरा कोरलंत तर भुकटी उडते. मोठे आकार आधी, बारीक रेघा शेवटी, आणि भुकटी फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडा.

पूर्ण सुकायला दोन दिवस द्या. काचेच्या चौकटीत बसवताना काच आणि कागद यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा राहील असा पुठ्ठा घाला, नाहीतर पुढच्या पावसात गेरू काचेवर उतरेल. मग पोदेर सकाळी दारात येईल तेव्हा चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात द्या. पाऊस असेल तर वरून प्लास्टिकही गुंडाळा.