कॉम्प्युटर स्लो झालाय की हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो 'फॉरमॅट मार'. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. डिस्क मरायला टेकली असेल, तर नव्याने टाकलेलं विंडोजही चार दिवसांत तसंच रखडतं, आणि घाईघाईत फोटो, कागदपत्रं गेली ती गेलीच. म्हणून सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या.

मग स्लो आणि हँग या दोन तक्रारी वेगळ्या करा. पुढच्या वेळी स्क्रीन अडकली की कॅप्स लॉक दोन-तीनदा दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर मशीन जागं आहे. एखादा प्रोग्रॅम अडकलाय किंवा डिस्क वेळ खातेय. दिवा ढिम्म राहिला, तर बहुतेक वेळा अख्खी सिस्टीमच थांबलेली असते आणि संशय हार्डवेअर किंवा ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) जातो.

स्लो असेल तर

आधी रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्टच. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवतं आणि पुढच्या वेळी तीच परत उचलतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

तरीही रखडत असेल, तर रखडत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू (प्रोसेसर), मेमरी, डिस्क यांपैकी कोणता रकाना १०० टक्क्यांना भिडलाय ते बघा.

जुन्या डेस्कटॉपवर बहुतेकदा डिस्कच दोषी सापडते. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते, हेड योग्य जागी सरकतं, मग वाचन होतं; या एका फेरीला साधारण १० मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फेऱ्या होतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, काही फिरतच नाही, म्हणून तेच काम मिलिसेकंदाच्याही छोट्या अंशात उरकतं. जुन्या मशीनवर एकच खर्च करायचा असेल, तर मी डोळे झाकून एसएसडी घ्यायला सांगेन.

पण डिस्क १०० टक्के दिसतेय आणि वाचनाचा वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, असं असेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत बघा. तिथे पिवळा किंवा लाल इशारा असेल, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. दुरुस्तीच्या ताणाने कमकुवत डिस्क पुरती बसू शकते. उरलेला डेटा काढा आणि डिस्क बदला.

मेमरी भरली असेल तर एक गफलत टाळा. रॅम, म्हणजे हीच मेमरी, पुरेनाशी झाली की विंडोज डिस्कचा एक भाग रॅमसारखा वापरतं, त्यामुळे डिस्कही १०० टक्के दिसते. अशा वेळी दोष डिस्कचा नसतो. ब्राउझरचे टॅब बंद करा, स्टार्टअपमधले, म्हणजे विंडोजसोबत आपोआप सुरू होणारे, नको ते प्रोग्रॅम डिसेबल करा. तरी भागलं नाही तर रॅम वाढवा. सीपीयू भरलेला दिसला, तर अपडेट किंवा अँटीव्हायरस स्कॅन चालू आहे का बघा आणि ते संपू द्या.

हँग होत असेल तर

स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. ही सोय फार थोड्यांना माहीत असते याची मला खरंच हळहळ वाटते. कोणत्या दिवशी काय कोसळलं आणि त्याच सुमारास कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट आला, हे तिथे तारखेनुसार दिसतं. त्रास एखाद्या ड्रायव्हरनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून त्याची आधीची आवृत्ती परत आणा.

तिथे काही सापडलं नाही तर मशीन बंद करून प्लग काढा आणि कॅबिनेट उघडा. धूळ हवेच्या झोताने उडवा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरधाव फिरून खराब होऊ शकतं. रॅमच्या पट्ट्या काढून नीट बसवा, डिस्कची केबल घट्ट करा. नंतर 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवा. त्यात एकही चूक निघाली तर एकेक पट्टी लावून दोषी कोणती ते शोधा. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगच्या वेळीच हँग होत असेल, तर तापमान मोजा आणि पॉवर सप्लाय बदलून बघा.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस वापरून बघा. डिस्क, रॅम, तापमान सगळं ठीक निघालं आणि तरी त्रास राहिला, तर मग खुशाल फॉरमॅट करा.