त्रुबादूर वाचायला घेताना: रूपक नंतर, यमक आधी

त्रुबादूर म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेत गाणी रचणारे मध्ययुगीन कवी. त्यांच्या कवितेकडे वळणारे बहुतेक जण आधी 'दरबारी प्रेमा'वरचे लेख वाचतात आणि मग दिसेल त्या पक्ष्यात, बागेत रूपक शोधत बसतात. 'दरबारी प्रेम' हे नावही नंतरचं, १८८३मध्ये फ्रेंच अभ्यासक गास्तों पारीसमुळे रूढ झालेलं. कवी स्वतः 'फिनामोर' (निर्मळ प्रेम) म्हणत.

सुरुवात एका गाण्याने करा: बेर्नार्त द व्हेंतादोर्नचं चंडोलाचं गाणं. पिलेट-कार्स्टेन्सच्या १९३३च्या त्रुबादूर-गाण्यांच्या सूचीत त्याचा क्रमांक ७०,४३. म्हणजे कवी ७०, गाणं ४३. शोधताना हाच वापरा, कारण पहिल्या ओळीचं स्पेलिंग हस्तलिखितागणिक बदलतं. वहीत डावीकडे मूळ ओळ, उजवीकडे शब्दशः अर्थ, समासात यमक. आठ-आठ ओळींची सात कडवी आणि शेवटी चार ओळींची तोर्नादा, म्हणजे समारोपाचं छोटं कडवं. यमकं अबअब-कडकड, आणि सातही कडव्यांत तीच. म्हणजे हस्तलिखित उतरवणाऱ्याने मधली दोन कडवी उलटसुलट केली तरी कानाला काही खटकत नाही! तेव्हा 'कवितेतला भावनेचा चढता आलेख' वगैरे लिहिण्याआधी तीन-चार हस्तलिखितांतला क्रम ताडून पाहा. एका कडव्याचं शेवटचं यमक पुढच्याचं पहिलं होत असेल, तर मात्र क्रमावर बराच भरवसा ठेवता येतो. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली 'सी' आणि 'आर' या खुणांनी ओळखली जाणारी हस्तलिखितं गॅलिकावर (त्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर) फुकट पाहता येतात. 'आर'मध्ये चालीही आहेत.

भाषेत पाय घसरतो तो शब्दाअखेरच्या 'स'वर. कर्ता एकवचनी असतानाही तो बहुधा लागतो. 'आमोर्स' म्हणजे अनेक प्रेमं नव्हेत. एकच, आणि तेही स्त्रीलिंगी.

'विदा' ही कवींची गद्य चरित्रं पुरावा म्हणून वापरू नका. त्रुबादूर जौफ्रे रुदेल त्रिपोलीत काउंटेसच्या मिठीत मेला, ही कथा त्याच्याच गाण्यांतून रचलेली दिसते. विराण्या वाचून मुरलेल्या मराठी वाचकाला त्याच्या 'दूरच्या प्रेमा'त चटकन देव दिसतो. पण त्या गाण्यात रुदेल देवावर भरवसा ठेवतो तो प्रेयसी भेटावी म्हणून. ती वेगळी, देव वेगळा.

खरं रूपक कसं ओळखायचं, ते पाहायला त्रुबादूर गिराउत द कालांसोकडे वळा. त्याच्या गाण्यात प्रेम मुकुट घातलेली, डोळ्यांना न दिसणारी स्त्री आहे. तिच्या महालाला पाच दारं: दोन उघडली की उरलेली तीन सोपी, बाहेर पडणं मात्र अवघड. वर जायला चार गुळगुळीत पायऱ्या. गावंढळांना आत थारा नाही. ते खोटारड्यांबरोबर बाहेरच्या वस्तीत, आणि तिथे निम्म्याहून जास्त जग राहतं (हा टोला मस्तच). प्रत्येक भागाला जागा आहे, आकडा आहे. अर्थ लावा असं गाणंच सांगतं. तरी १२८०मध्ये नंतरच्या पिढीतल्या गिराउत रिकिएर या त्रुबादूराने रोदेझच्या काउंटसाठी त्यावर पद्यात भाष्य लिहिलं. दारांचा अर्थ त्या भाष्यातून घेतलात, तर 'रिकिएरच्या मते' असंच लिहा, कालांसोच्या तोंडी घालू नका.

मात्फ्रे एर्मेंगाउचं 'ब्रेव्हियारी दामोर' (१२८८पासून पुढे) हे प्रेमावरचं कोशासारखं पद्य जवळपास ३५,००० ओळींचं आहे. पहिल्या पानापासून वाचायला घ्याल तर धर्मशास्त्रातच अडकाल. शेवटचा, स्त्रियांवरच्या प्रेमाचा भाग आधी घ्या. त्यात जुन्या त्रुबादूरांची कडवी उद्धृत केली आहेत, आणि पाठभेद ताडायला तीही कामी येतात.