हॉब्सन्स चॉइस नेमकं कधी म्हणायचं?

इंग्लिशमध्ये हॉब्सन्स चॉइस वापरायचं असेल तर आधी समोर पर्याय किती आहेत ते मोजा. दोन आहेत आणि दोन्ही वाईट, म्हणजे आपलं इकडे आड तिकडे विहीर, तर सरळ डिलेमा म्हणा. हॉब्सन्स चॉइसमध्ये पुढ्यात एकच गोष्ट असते, घ्यायची तर घ्या नाहीतर राहू द्या. बरेच जण इथेच गडबडतात, चांगलं इंग्लिश लिहिणारेसुद्धा.

पाठ करू नका, गोष्ट माहीत करून घ्या म्हणजे आपोआप लक्षात राहतं. थॉमस हॉब्सन हा खराखुरा माणूस, इंग्लंडमधल्या केंब्रिजचा, तिथून लंडनला टपाल न्यायचा आणि सोबत घोडे भाड्याने द्यायचा. गिऱ्हाईक म्हणजे बरीचशी युनिव्हर्सिटीतली पोरं, त्यांना दरवेळी तोच चपळ घोडा हवा, ते त्याला दामटवणार आणि तो पार थकून जाणार, बाकीचे मात्र आरामात उभे. मग हॉब्सनने नियमच केला, तबेल्याच्या दाराजवळ जो घोडा असेल तोच मिळेल, नको असेल तर चालत जा. आत कितीही घोडे दिसूदेत, निवडायला एकच! लोकांना हा अडेलपणा वाटतो पण मला तो नियम मनापासून पटतो, कारण सगळ्या घोड्यांना पाळीपाळीने विश्रांती मिळायची आणि माणसालाही दमलेलं जनावर मिळायचं नाही. 1631 च्या जानेवारीत तो वारला तेव्हा केंब्रिजमध्येच शिकत असलेल्या कवी जॉन मिल्टनने त्याच्यावर दोन कविता केल्या, एवढा तो गावात प्रसिद्ध होता. तबेल्याची ही हकीकत 1712 मध्ये लंडनच्या स्पेक्टेटर या नियतकालिकात छापून आली.

आता वापर. समजा रात्री उशिरा स्टँडवर एकच हॉटेल उघडं आहे आणि तिथे फक्त मिसळ उरलीये, तर बिनधास्त म्हणा, इट वॉज हॉब्सन्स चॉइस. लिहिताना एच कॅपिटल, माणसाचं नाव आहे ते. हॉब्जियन चॉइस असं लिहू नका, तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज वेगळा, त्याचा या घोड्यांशी काही संबंध नाही.

आणि अजून एक, नाही म्हणायची सोयच नसेल, जसं की बॉसने बदलीची ऑर्डर हातात दिली आणि जावंच लागणार, तर तो हॉब्सन्स चॉइससुद्धा नाही, ती सरळ सक्ती झाली. हॉब्सनच्या दारातून रिकाम्या हाताने परत जाता यायचं.